डोळ्यांनीं ऐकणारे रसिक

गेल्या दहाबारा वर्षांत सुशिक्षित गृहस्थांच्या दिवाणखान्यांत एक नवें यंत्र येऊन बसलें आहे. त्यास स्ट्रीमर असें म्हणतात. घरांतील संग्रहांतून किंवा दूरच्या एखाद्या भांडारांतून अंकांच्या रूपानें आलेलें गाणें घ्यावें, त्या अंकांपासून विजेची लहर पुन्हा उभी करावी, आणि ती अँप्लिफायरच्या द्वारें लाउडस्पीकरांकडे पाठवावी, एवढेंच याचें काम. हें यंत्र बाजारांत तयार मिळतें. परंतु कांहीं हौशी मंडळी तें स्वतःच जुळवितात, अगर एखाद्या कुशल कारागिराकडून आपल्या बेताप्रमाणें करवून घेतात. २०१२ सालीं इंग्लंडांत मुलांस संगणकविद्या शिकविण्याच्या हेतूनें रास्पबेरी पाय नांवाचा तळहातावर मावणारा संगणक निघाला. त्यावर अंकांची लहर करणारी एक पट्टी, जिला डॅक म्हणतात ती, बसविली आणि फुकट मिळणारी एखादी प्रणाली घातली कीं स्ट्रीमर सिद्ध झाला. तयार यंत्रास जी किंमत पडते तिचा एक लहानसा अंशच येथें खर्चीं पडतो.

येथपर्यंत तक्रारीस जागा नाहीं. आमची तक्रार आहे ती या यंत्रांच्या परीक्षेविषयीं, किंबहुना परीक्षा या नांवाखालीं जें कांहीं चालतें त्याविषयीं. नवें यंत्र घरीं येतें. परीक्षक त्याची घडण न्याहाळतो, वजन पाहतो, किंमत तर त्यास आधींच ठाऊक असते. मग चार रात्री तो ऐकतो आणि लिहितो कीं, सुरांवरचा पडदा दूर झाला, तंबोऱ्याभोंवतीं हवा खेळूं लागली, शांतता पूर्वींपेक्षां काळीभोर झाली. या विशेषणांचा अर्थ काय, तें दुसऱ्या कोणास तपासून पाहतां येईल काय, हे प्रश्न विचारणें म्हणजे अरसिकपणा ठरतो. स्वतः जुळविलेल्या यंत्राची परीक्षा करणारे तरी याहून निराळें काय करतात? विक्रेत्यास किंमतीचा मोह, तर यांस आपल्या हातच्या कामाची माया. डागणी तापवून तीन रविवार ज्यावर घालविले तें यंत्र वाईट वाजेल कसें? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें, ही म्हण या पंथास अगदीं तंतोतंत लागू पडते. दोन्ही पक्ष डोळ्यांनीं ऐकतात आणि कानांच्या नांवानें निकाल देतात.

मुळांत या पेटीच्या हातीं काय आहे आणि काय नाहीं, हें पाहिलें तरी पुष्कळसें धुकें निवळेल. १९८२ सालीं सीडी बाजारांत आली, तेव्हां लहरीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घ्यावें आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहावें असा संकेत होता. एवढ्या मापांवरून २२,०५० हर्ट्झच्या आंतील लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करतां येते, हें गणितानें सिद्ध आहे. निरोगी तरुणाचा कान २०,००० च्या आसपास थांबतो. आणि पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांचा, म्हणजे अशीं महाग यंत्रें घेण्याइतका पैसा ज्यांच्या गांठीं असतो त्यांचा, कान तर त्याच्या पुष्कळच अलीकडे. १६ बिटांत सर्वांत हलका आणि सर्वांत मोठा नाद यांमध्यें सुमारें ९६ डेसिबेलांचें अंतर मावतें. आपल्या शहरांतील खोलींत पंखा, रिक्षा आणि शेजारचा कुकर यांचा जो अखंड कालवा असतो, त्याच्या वर एवढें अंतर वापरावयाचें म्हटलें तर घरांतील माणसें घर सोडून जातील.

आतां जाळ्यांतून येणाऱ्या अंकांविषयीं. एखादा अंक वाटेंत बिघडला तर तो पुन्हा मागवून घेण्याची योजना त्या जाळ्याच्या रचनेंतच आहे. म्हणून मौल्यवान तारेनें अंक 'गोड' होतात, हें म्हणणें, गांवाहून आलेलें पत्र पोस्टमननें रेशमी पिशवींतून आणून दिल्यास मजकूर अधिक मायेचा होतो, असें म्हणण्यासारखें आहे. पेटींतून निघणारे अंक टिपून ते मूळ अंकांशीं ताडून पाहणें आज कोणाही जाणत्यास शक्य आहे. ते जुळले कीं त्या बाबतींत वाद संपला. उरतो तो डॅकचा व वीजपुरवठ्याचा भाग. तेथें दोष असूं शकतात, नाहीं असें नाहीं. हलका पुरवठा घरघर लावतो, भिकार पट्टी खरखर करते. परंतु हे दोष मापांत दिसतात, आणि ते ऐकूं येण्याइतके असतील तर पडद्याआडूनही ऐकूं येतात.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं अशी एक परीक्षा आम्हीं योजिली. एका बाजूस त्यांनीं स्वतः जुळविलेली पेटी, दुसऱ्या बाजूस उसनें आणलेलें परदेशी बनावटीचें एक भारी किंमतीचें यंत्र. ऐकणारे चौघे. प्रथम सर्वांनीं उघड्या डोळ्यांनीं ऐकलें. तिघांस परदेशी यंत्र निःसंशय श्रेष्ठ वाटलें, आणि चौथ्यास, म्हणजे यजमानांस, आपलें. मग अँप्लिफायरच्या टोंकांशीं व्होल्टमापक लावून १००० हर्ट्झचा एकच सूर दोन्हींवरून वाजविला, तेव्हां गूढ उकललें. घरची पेटी २ व्होल्ट देत होती आणि परदेशी यंत्र २.३, म्हणजे दुसऱ्याचा आवाज सुमारें १.२ डेसिबेलांनीं चढा होता. एवढासा चढ कानास 'मोठा' म्हणून जाणवत नाहीं. तो 'स्पष्ट', 'सजीव', 'भरदार' म्हणून जाणवतो. दुकानांतील किती निकाल या सव्वा डेसिबेलावर लागले असतील, याची कल्पनाच केलेली बरी!

आवाज एकदशांश डेसिबेलाच्या आंत सारखे करून मग खरी परीक्षा सुरू झाली. यजमानांची कन्या रसायनशास्त्र शिकते; तिनें शेजारच्या खोलींत बसून, नाणें उडवून, जें यंत्र निघेल तें जोडावयाचें, असा नेम ठरला. तिचा चेहरा ऐकणारांस दिसत नव्हता, ऐकणारांचे चेहरे तिला दिसत नव्हते. दोन यंत्रांचा आरंभ एकाच क्षणीं जुळत नाहीं, आणि त्या फरकावरूनही चतुर माणूस यंत्र ओळखतो. म्हणून प्रत्येक वेळीं तुकडा पहिल्यापासून वाजविला. तुकडा निवडला तो तंबोऱ्याचा. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याइतका वरच्या स्वरांशांनीं गजबजलेला नाद दुसरा क्वचितच सांपडेल. यंत्रांत कांहीं उणें असेल तर तें तेथें उघडें पडावें. प्रत्येकास १६ पाळ्या दिल्या. नुसत्या अंदाजानें १६ पैकीं १२ किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव शंभरांत चारांहूनही कमी असतो. म्हणून १२ हा उत्तीर्ण होण्याचा आंकडा धरला. चौघांस मिळाले ते ७, ८, ९ आणि १०. निकाल ऐकून तिघांपैकीं एक गृहस्थ म्हणाले कीं, आज कान थकले आहेत. तासापूर्वीं, पडदा नव्हता तेव्हां, हेच कान फारच ताजे होते.

चौघांच्या एका सायंकाळीवरून जगाचा निवाडा होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु मोठ्या प्रमाणावर झालेले प्रयोगही याच दिशेस बोट दाखवितात. २००७ सालीं अमेरिकेंत मेयर आणि मोरान या दोघांनीं उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणांच्या वाटेंत सीडीच्या मापाचा अडसर घालून तो ओळखूं येतो काय हें पाहिलें. ५५४ पाळ्यांत २७६ उत्तरें बरोबर आलीं, म्हणजे नाणें उडविल्याइतकींच. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ सालीं लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील जोशुआ राइस यांनीं अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शंभरांत बावन्नाच्या किंचित् वर भरलें. फरक अगदींच नाहीं असें नव्हे, असें कोणी यावरून म्हणेल तर खुशाल म्हणो. पण शंभरांत दोन-अडीचांच्या या फरकावर 'पडदा दूर झाला' हें वाक्य उभें राहत नाहीं.

यावर आमचे प्रतिपक्षी म्हणतात कीं, कान हें सर्व यंत्रांहून सूक्ष्म यंत्र आहे. गणितानें संगीत मोजूं नये. उत्तम! आम्हीही कानालाच साक्षीस बोलावीत आहों. डोळ्यांस तेवढें न्यायालयाबाहेर बसवा, एवढीच विनंती. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं तेच लाउडस्पीकर त्याच श्रोत्यांस एकदां दाखवून आणि एकदां झांकून ऐकविले. आवडीनिवडीचे क्रम बदलले. ऐकणारांत अनुभवीही होते आणि नवखेही, अप्रामाणिक नव्हते. जें दिसतें तें ऐकण्यांत मिसळतें, हा मनाचा धर्मच आहे. म्हणून ज्यास खरोखर ऐकावयाचें आहे त्यानें पडद्याची लाज धरूं नये. दुसरा आक्षेप असा कीं, फरक महिनोन् महिने ऐकल्यावर कळतो. कबूल, मग पेट्या झांकून महिनोन् महिने ऐका आणि त्यानंतर ओळखा. आजवर हा मार्ग कोणी अडविलेला नाहीं.

२०२२ सालीं मोबाईल फिडेलिटी या अमेरिकन संस्थेविषयीं जें उघडकीस आलें, तें या पंथास चिरकाल स्मरावें असें आहे. अंकांचा स्पर्श न झालेल्या शुद्ध लहरींच्या म्हणून ज्या तबकड्या जाणत्यांनीं वर्षानुवर्षें डोक्यावर घेतल्या, त्यांपैकीं पुष्कळांच्या निर्मितींत मध्येंच एक अंकीय पायरी होती. कानांनीं तें सांगितलें नाहीं. संस्थेनें कबूल केल्यावर कळलें. त्यानंतर मात्र कित्येकांस त्याच तबकड्या कोरड्या ऐकूं येऊं लागल्या.

मग स्वतः जुळविलेल्या पेटीची परीक्षा करूंच नये काय? अवश्य करावी, पण ज्या गोष्टींत ती खरोखर चुकूं शकते त्यांत करावी. आमच्या संगीतास तर अशी एक कसोटी आहे कीं तिचें नांवही या परीक्षणांत निघत नाहीं. विलंबित ख्याल एका तुकड्यांत आणि द्रुत दुसऱ्यांत, अशी विभागणी पुष्कळ संग्रहांत असते. पहिला तुकडा संपून दुसरा लागेपर्यंत जी पेटी क्षणभर मुकी होते, ती तंबोऱ्याचा गळा मध्येंच दाबते. हा दोष आंधळ्यासही ऐकूं येतो. विकत आणलेल्या नामांकित यंत्रांतही तो आम्हीं पाहिला आहे, आणि फुकटच्या प्रणालींत एक खूण फिरवून तो नाहींसा होतांनाही पाहिला आहे. तसेंच, यजमान परगांवीं असतां घरांतील वडील माणसास ती पेटी चालवितां येते काय? वीज जाऊन आल्यावर ती आपण होऊन उभी राहते काय? आणि दहा वर्षांनंतर काय? स्क्वीझबॉक्स नांवाचीं उत्तम यंत्रें करणारी संस्था २००६ सालीं लॉजिटेकनें घेतली, २०१२ सालीं तीं यंत्रें करणें बंद केलें, आणि २०२४ सालीं त्यांस आधार देणारें दूरचें केंद्रही मिटविलें. तरीही तीं यंत्रें आज कित्येक घरांत गात आहेत, आणि जुळविलेल्या पेट्याही त्याच प्रणालीवर चालत आहेत. कारण ती प्रणाली लोकांच्या हातीं खुली होती आणि हौशी मंडळींनीं ती जगविली. जुळविलेल्या पेटीच्या बाजूनें बोलावयाचें तर हें बोलावें. सुराच्या गोडव्याच्या कल्पित कथा तिला नकोत.

तिचा दुसरा मोठा उपयोग घरच्या संग्रहाचा. दूरच्या भांडारांत गाणें शोधावयाचें तें गायकाच्या आणि संचाच्या नांवानें; राग, ताल, साथीदार आणि सालही कोठें आहे, कोठें नाहीं, अशी दशा. संवादिनीवर कोण होतें हें जाणून घेणें म्हणजे तर संशोधनच. घरच्या पेटींत हीं नांवें आपण लिहूं शकतों. ज्या कुटुंबांत आजोबांच्या तबकड्या माळ्यावर पडून आहेत त्यांनीं हें काम एका सुट्टींत आरंभावें.

आणि त्या तबकड्यांविषयींच अखेरचें. जुन्या तबकड्या सर्वच मिनिटास ७८ फेऱ्यांनीं मुद्रित झाल्या होत्या असें नाहीं. ८० फेऱ्यांनीं मुद्रित झालेली तबकडी ७८ नें फिरवून अंकांत उतरविली तर गायकाचा षड्ज जवळजवळ पाव स्वर खालीं येतो. आवाज जडावतो, तानांचा वेग मंदावतो. हा फरक ओळखण्यास यंत्रही नको आणि पडदाही नको, शिकविलेला कान पुरे. कोणा अब्दुल करीम खांचा किंवा केसरबाईंचा सूर असा ढळलेला असेल तर लाख रुपयांचा स्ट्रीमर तो ढळलेला सूरच इमानानें ऐकवील. असें असतां सेकंदास १,९२,००० मापांच्या पेटीवर तीन मिनिटांची जुनी तबकडी लावून परीक्षक काळ्याभोर शांततेचें वर्णन करतात. तबकडी कोणत्या वेगानें उतरविली, कोणत्या सुईनें, मूळ प्रत कोणाच्या संग्रहांतील, हें विचारीत नाहींत. प्रकाशकांनीं या तीन गोष्टी प्रत्येक जुन्या गाण्याबरोबर छापाव्या, अशी मागणी श्रोत्यांनीं केली पाहिजे. आणि परीक्षकांनीं पेटीबद्दल लिहितांना आवाज व्होल्टमापकानें सारखे केले होते काय, कोणतें यंत्र वाजत आहे हें ऐकतांना ठाऊक होतें काय, आणि पाळ्या किती घेतल्या, हें पहिल्या परिच्छेदांतच सांगावें. तें सांगितलेलें नसेल तेथें पुढील विशेषणें वाचण्याचे कष्ट आम्ही तरी घेणार नाहीं.