लाकडी जमिनीला बादली नको



अमेरिकेत मुलांकडे गेलो की आपला हात आधी बादलीकडे जातो. लाकडी जमिनीला ते सोसत नाही. फटींत पाणी शिरलं की पाट्या फुगतात, कडा वर येतात. वाफेच्या मॉपला तर माझा ठाम नकार! लाकडाचं नुकसान होतंच, आणि फटीतल्या मुंगीचं काय? आधी मऊ झाडूने जपून केर काढा, मग घट्ट पिळलेलं फडकं फिरवा. व्हिनेगर नको, चकाकी जाते.

खरा शत्रू बुटांबरोबर येणारी वाळू. आम्ही कॉमर्सवाले हिशेबात घसारा लिहितो, तो इथे अक्षरशः होतो. भरीव लाकूड तासून पुन्हा पॉलिश करता येतं. वर नुसता पातळ थर असेल तर तीही सोय नाही. म्हणून चपला-बूट दाराबाहेरच. जावईबापूंचेसुद्धा!