बायका अडतात त्या तिसऱ्या स्केलपाशी

अरुंधती भट्टाचार्य २०१३च्या ऑक्टोबरात स्टेट बँकेच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा आमच्या शाखेत पेढे वाटले होते. आमची बँक वेगळी, तरीही वाटले. ज्या बँकेची मुळं १८०६ साली कोलकात्यात रुजली, तिच्या सर्वोच्च खुर्चीवर पहिल्यांदाच बाई बसली होती. त्यांच्यानंतर आजवर तीन अध्यक्ष झाले. तिघंही पुरुष.

दर आठ मार्चला बँकांमध्ये भाषणं होतात. तर्जनी वकील १९९३ साली एक्झिम बँकेच्या अध्यक्ष झाल्या, रंजना कुमार यांनी २००० साली तोट्यात रुतलेली इंडियन बँक हाती घेतली आणि नफ्यात आणली, हे आवर्जून सांगितलं जातं. सांगायलाच हवं. पण मी १९८६ साली बँकिंग सेवा भरती मंडळाची (बीएसआरबी) परीक्षा देऊन एका राष्ट्रीयीकृत बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागले आणि मुख्य व्यवस्थापक, म्हणजे अधिकाऱ्यांच्या चढत्या श्रेणींपैकी चौथ्या स्केलवरून निवृत्त झाले. एवढ्या नोकरीत मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. बायका अध्यक्षपदाच्या दारात अडत नाहीत. त्या दारापर्यंत पोचतच नाहीत, कारण बहुतेकींची वाट दुसऱ्या आणि तिसऱ्या स्केलच्या मध्येच संपते.

का संपते, याचं ठरावीक उत्तर ‘बदली’ असं दिलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं फार कमी बोललं जातं, म्हणून तेच आधी सांगते.

माझ्या पहिल्या शाखेतले व्यवस्थापक सज्जन होते. त्यांनी मला ठेवींचा विभाग दिला, मग लॉकर, मग ग्राहकसेवा. वसुलीला ते स्वतः जायचे, सोबत माझ्याच बॅचच्या मुलाला न्यायचे. ‘‘मॅडम, तुम्ही कशाला? रात्री यायला उशीर होतो, गावात लोक काहीही बोलतात,’’ असं म्हणायचे. त्यात तिळमात्र दुष्टावा नव्हता. पुढच्या शाखेत तेच, त्याच्या पुढच्या शाखेतही तेच. माझ्या बॅचचा तो मुलगा तोवर ताळेबंद वाचायला शिकला. कारखानदाराच्या गोदामात जाऊन तारण ठेवलेला माल मोजायला शिकला. कर्ज थकायच्या आधी खात्यावर त्याची लक्षणं कशी दिसतात, तेही शिकला. मी उत्तम पासबुकं भरत होते. तिसऱ्या स्केलच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: ‘‘मोठ्या कर्जांचा अनुभव किती?’’ त्याचं उत्तर माझ्या वतीने त्या सज्जन माणसांनी बारा वर्षं आधीच ठरवून टाकलं होतं.

आता अरुंधतीबाईंची कारकीर्द बघा. इंग्रजी साहित्य शिकलेली ही मुलगी १९७७ साली स्टेट बँकेत लागली. पुढे परकीय चलन, ट्रेझरी, न्यूयॉर्कचं कार्यालय, मनुष्यबळ, एसबीआय कॅपिटल मार्केट्सचं प्रमुखपद, मग बँकेची मुख्य वित्त अधिकारी. जिथे पैशाचे मोठे निर्णय होतात, त्या खोल्यांमध्ये त्यांना वेळेवर शिरता आलं. मुलीच्या शिक्षणापायी नोकरी सोडायचा विचार त्यांच्याही मनात आला होता आणि वरिष्ठांनी त्यांना थांबवलं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. थांबवणारं कुणीतरी भेटलं. माझ्या ओळखीच्या किती हुशार बायकांना ते भेटलं नाही! अध्यक्ष झाल्यावर अरुंधतीबाईंनी मुलांसाठी किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेण्याची सोय बायकांना करून दिली, ती उगाच नव्हे. ज्याने ते दिवस काढलेत, त्यालाच ते सुचतं.

आणि आता बदली. मला तिसरा स्केल पहिल्यांदा मिळाला तेव्हा पोस्टिंग मध्य प्रदेशात आलं. मुलगा तिसरीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मिस्टर सांगलीत नोकरीला. मी लेखी नकार दिला. आमच्या बँकेत बढती नाकारली की पुढची काही वर्षं परीक्षेला बसता येत नसे. मुलगा बारावी झाल्यावर मी पुन्हा बसले, बढती घेतली आणि जबलपूरला गेले. एका खोलीत राहिले, रात्री उशिरापर्यंत कर्जाच्या फायली वाचल्या, वसुलीला जीपमधून खेड्यापाड्यांत हिंडले. माझ्या नोकरीतलं सर्वांत चांगलं काम मी तिथे, पंचेचाळिशीनंतर केलं. पण पाचव्या स्केलसाठी लागणारी वर्षं हातात उरली नव्हती.

‘बायकांना सवलती हव्यात आणि खुर्चीही हवी,’ असं पुरुष सहकारी म्हणायचे. त्यांनीही कष्ट काढले, मला ते नाकारायचं नाही. बिहारमध्ये, आसाममध्ये ते खानावळीत जेवून राहिले. पण त्यांच्यामागे गावाकडे आईवडिलांचं औषधपाणी बघणारी, मुलांच्या शाळेच्या सभेला जाणारी एक बाई होती. बँकेला जो ‘कुठेही जाऊ शकणारा अधिकारी’ मिळाला, तो तिच्या बिनपगारी कामावर उभा होता. माझ्यामागे तसं कोण होतं?

म्हणून माझं म्हणणं सवलतीचं नाही. बाहेरच्या राज्यातली सेवा प्रत्येक अधिकाऱ्याने करावी, बाईनेही. फक्त ती कधी करायची हे ज्याचं त्याने ठरवावं, तिशीत किंवा पन्नाशीत, पुरुषांनाही हीच मुभा असावी. एकदा दिलेल्या नकाराची शिक्षा वर्षानुवर्षं चालू नये. चाळिशीनंतर मोकळ्या झालेल्या, कामाला आसुसलेल्या बायका प्रत्येक शाखेत आहेत. त्यांना ‘आता काय, निवृत्तीच आली’ म्हणून बाजूला ठेवणं हे बँकेचंच नुकसान आहे. ग्रामीण शाखांना माणसं मिळत नाहीत अशी तक्रार असते, तर या बायकांना विचारून बघावं.

शाखा व्यवस्थापकांना मात्र कुठल्याही धोरणाची वाट बघायची गरज नाही. तुमच्याकडे यंदा एखादी मुलगी प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून रुजू झाली असेल, तर तिच्या काळजीपोटी तिच्या वतीने काही ठरवू नका, तिला विचारा. पहिल्याच वर्षी तिच्या टेबलावर कर्जाच्या फायली ठेवा आणि पुढच्या वेळी वसुलीला निघाल की तिलाही सोबत न्या.