कारणाशिवाय अलिबाग

आपल्या घरातल्या बायका प्रवास खूप करतात. भिवंडीला भाचीचा निकाह, मिरजेला कुणाचं ऑपरेशन, कल्याणला मय्यत, हाजीमलंगला मन्नत. बॅग कायम भरलेली. पण प्रत्येक वेळी कारण लागतं आणि ते बहुधा दुसऱ्याचं असतं. स्वतःला बरं वाटावं म्हणून दोन दिवस कुठे जाऊन येणं आपल्याकडे कारणात बसत नाही.

मला वाटतं, मुंबई-ठाण्यातल्या कुटुंबांनी वर्षातून एकदा तरी हे करावं. त्यासाठी अलिबाग पुरेसं आहे. गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने साधारण तासाभरात मांडवा. काही बोटींच्या तिकिटात तिथून अलिबागपर्यंतची बसही धरलेली असते. गाडी न्यायची असेल तर 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, म्हणून दिवाळीची सुट्टी बरी.

हा खर्च म्हणजे इस्राफ, असं काही जण म्हणतील. मंगनीच्या हॉलच्या सजावटीवर एका रात्रीत किती पैसे उडतात, तेव्हा हा शब्द कुणाला आठवत नाही. दुसरी शंका जेवणाची. हलाल मिळेल का, या काळजीने बिर्याणीचं पातेलं सोबत घेतलं जातं आणि समुद्राकाठीही वाढायचं काम अम्मीकडेच येतं. अलिबाग मासळीचं गाव आहे. सुरमई, बोंबील, जिताडा खा. माशाला जबिह्याचा प्रश्नच नाही. पातेलं घरी राहू द्या. तिसरी धाकधूक उघड बोलली जात नाही: नाव ऐकून खोली नाकारली तर? फोनवर आधीच पूर्ण नाव सांगून बुकिंग करा. नकार मिळायचाच असेल तर तो घरी बसून मिळालेला बरा, मुलांसमोर नको.

बेत भरती-ओहोटी पाहून आखा. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला तो पाण्याने वेढलेला असतो. ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. चांदरात मोजणाऱ्या घराला हे गणित जड जाऊ नये.

मुलांना नुसत्या वाळूत सोडू नका. हा किल्ला शिवाजी महाराजांच्या आरमाराचा. त्या आरमारात दौलतखान सरदार होता, हे तिथे उभं राहून सांगा. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, दर्गाही आहे. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग आहे. अली नावाच्या एका धनिकाच्या बागांवरून गावाचं नाव पडलं, असंही सांगतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदींत अडथळा येईल म्हणून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं गेलं. ती चुंबकीय वेधशाळा बाहेरून का होईना, दाखवाच. मी उर्दू-मराठी शिकवते. आपली मुलं या मातीत किती जुनी आहेत, हे पुस्तकापेक्षा अशा गावात लवकर उमगतं.

एकच अट: तारीख, खोली आणि जेवणाची जागा घरातल्या बाईने ठरवावी. तिला नमाजनंतर तासभर किनाऱ्यावर एकटं बसायचं असेल तर बसू द्या. ‘काय करतेस?’ म्हणून विचारायला जाऊ नका. काही न करण्यासाठीच तर ती आली आहे.