बंदूक अडते तेव्हा

मोहालीच्या एयरोसिटीहून पतियाळ्याचा न्यू मोतीबाग गन क्लब फारसा लांब नाही. तेथे उडत्या तबकड्यांवर नेमबाजी चालते. अर्धस्वयंचलित बंदुकीत दारूचा वायू किंवा मागे बसणारा धक्काच रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे आत आणतो. स्पर्धेच्या काडतुसात छर्रे जेमतेम २४ ग्रॅम. हा जोर कधी कमी पडतो आणि बंदूक अडते. अशा वेळी चाप सोडावा, नळी मोकळ्या दिशेलाच धरावी आणि अर्धा मिनिट थांबून मगच काडतूस काढावे. नळीत डोकावणे जिवावर बेतू शकते! रिकाम्या बंदुकीतील काजळी व जादा तेल पुसावे. चालत असल्यास थोडे भारी काडतूस वापरावे. तरीही अडली, तर परवानाधारक कारागीर गाठावा. बहुतेक स्पर्धक दुनळीच का पसंत करतात, हे आता कळले ना?