देवाला कौल लावू नका



गेल्या महिन्यात व्हाइटफील्डमधल्या एका मराठी घरी प्रार्थनेला गेले होते. चहा झाल्यावर घरातली सून मला हळूच स्वयंपाकघरात घेऊन गेली. नवऱ्याला कंपनीने तीन वर्षांसाठी जर्मनीला जाण्याबद्दल विचारले आहे. मुलगी दुसरीत. सासूबाई अहिल्यानगरला एकट्या राहतात. त्यांचे गुडघे गेलेत, पण आपले घर आणि आपले चर्च सोडून बंगळुरूला यायला त्या तयार नाहीत.

"काकू, एकवीस दिवस प्रार्थना करतोय, पण वचनच मिळत नाही," ती म्हणाली.

वचन कसे शोधता, असे विचारले. रोज पहाटे डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचे आणि बोट ठेवायचे. पहिल्या दिवशी बोट अब्राहामावर पडले, देश आणि नातलग सोडून निघ म्हणून देव त्याला सांगतो तिथे. झाले, जर्मनी पक्की! दुसऱ्या दिवशी रूथ, जी सासूला सोडायला तयार नाही. तिसऱ्या दिवशी निव्वळ वंशावळ. आम्ही दोघी हसलो. मग तिचे डोळे भरून आले.

कोकणात देवाला कौल लावतात. पाषाणावर कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आपल्या आजा-पणज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला तेव्हा पुष्कळ काही मागे राहिले, पण ही कौलाची सवय सामानातून आपल्याबरोबर आली असावी. कौलाची एक सोय असते: निर्णय चुकला तर दोष आपल्याकडे येत नाही. देव एखाद्या वचनातून थेट बोलतच नाही असे मी म्हणणार नाही, माझ्याशीही तो बोलला आहे. पण ते वचन रोजच्या वाचनात आले, बोट ठेवून नव्हे.

कोणी म्हणेल, गिदोनाने लोकर ठेवून खूण मागितलीच होती. शास्ते ६ वा अध्याय पुन्हा वाचा. काय करायचे हे देवाने त्याला आधीच सांगितले होते. धीर होत नव्हता म्हणून त्याने लोकर ठेवली, आणि दुसऱ्यांदा मागताना देव रागावेल याची भीतीही त्याला वाटली. मत्थियाला चिठ्ठ्या टाकून निवडले हे खरे, पण त्यानंतर पवित्र आत्मा आला, आणि पुढे प्रेषितांच्या कृत्यांत कुठेही चिठ्ठ्या नाहीत. सोळाव्या अध्यायात पौलाला आशियात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियात जाऊ दिले जात नाही, मग त्रोवसात रात्री दृष्टान्त होतो. तेव्हाही सोबती मिळून त्याचा अर्थ लावतात आणि मगच निघतात. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तर देवाजवळ ज्ञान मागायला सांगितले आहे. आयते उत्तर मागा, असे तिथे म्हटलेले नाही.

पंडिता रमाबाई आपल्याच कर्नाटकात, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मल्या. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांच्या मदतीचा शब्द दिला होता आणि ती मुदत संपत आली होती. असल्या वेळी आहे ते सांभाळावे, असे कोणीही सुज्ञ माणूस सांगेल. पण भूक म्हणजे काय हे रमाबाईंना माहीत होते. वीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. रमाबाई प्रार्थना करणाऱ्या होत्या, हे कोणाला सांगायला नको. मात्र त्या खोलीत बसून राहिल्या नाहीत. उठून दुष्काळी भागात गेल्या, मुलींची दशा स्वतः पाहिली आणि जवळजवळ तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. एवढ्यांच्या पोटाला पुरेल असा पैसा हाताशी नव्हता. प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या जणींना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर न्यावे लागले. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. रस्ता साफ दिसला आणि मग पाऊल टाकले, असा काही तो प्रकार नव्हता.

आणखी एक समजूत आपल्यात फार आहे: मनाला शांती वाटली की ती देवाची इच्छा. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूला कुठे शांती होती? घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असे लूक लिहितो, आणि तरी पित्याची इच्छा तीच होती. उलट, ज्या निर्णयात आपला फायदा असतो त्यात शांती फार लवकर वाटते. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तिला एवढेच विचारले, "सासूबाईंशी बोललात का?"

ती गप्प झाली. "नाही. उगाच काळजी करतील म्हणून."

एकवीस दिवस त्यांच्याविषयी देवाशी बोलणे चालले होते, त्यांच्याशी एकदाही नाही. तिने नवऱ्याला हाक मारली. मग आम्ही तिघांनी गॅसजवळ उभे राहूनच प्रार्थना केली. पगार किती वाढेल हे त्याने देवासमोर मोठ्याने सांगितले. आईला सोडून जावेसे वाटते याची लाज वाटते, हेही तो बोलला. तिच्याकडे पाहिले तर तिला हे नवीन असावे.

कंपनीला येत्या सोमवारी उत्तर द्यायचे आहे. काल रात्री मुलीला घेऊन तिघे पुण्याच्या बसने निघाले, तिथून पुढे अहिल्यानगरला. निघताना तिचा फोन आला होता. म्हणाली, "काकू, आईंना अजून काहीच सांगितलेलं नाही. नुसतं येतोय म्हणून कळवलंय. त्यांनी पुरणपोळीची डाळ भिजत घातलीय."