आधी अपवादांची यादी वाचा

फिलाडेल्फियालगतच्या व्हिलानोव्हातली स्टोनली ही ४२ एकरांची बाग २०१८ मध्ये लोकांसाठी खुली झाली, आणि त्याच सुमारास तिथल्या शाळा-प्रशासनाने ती शाळेसाठी संपादित करण्याचा घाट घातला. बागेवर संवर्धन सुविधाधिकार होता, म्हणजेच बांधकाम कधीच करणार नाही, असे मालकाने लिहून दिले होते. पण असा दस्त मालकाला, वारसाला आणि खरेदीदाराला बांधतो, संपादन करणाऱ्या संस्थेला नाही. लोक खवळले. जून २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा केला: अशी जमीन घेण्याआधी ऑर्फन्स कोर्टाची (वारसा आणि ट्रस्टची प्रकरणे पाहणाऱ्या तिथल्या न्यायालयाची) परवानगी घ्यायची आणि दुसरा वाजवी पर्याय नाही हे तिथे सिद्ध करायचे. बाग वाचली.

या कायद्याचे कौतुक आम्हालाही आहे, कारण सिद्ध करण्याचा भार त्याने योग्य खांद्यावर टाकला. पण वीज-वायूसारख्या सेवांच्या अनेक कामांना त्यात मोकळीक आहे, आणि खरी गळती तिथेच आहे. वाहिनीपुढे संवर्धनाचे हक्क किती टिकतात ते पाहा: ११६ मैलांच्या पेनईस्ट वायुवाहिनीच्या वाटेत न्यू जर्सी राज्याचे हक्क असलेले ४२ भूखंड होते. त्यांतल्या ४० वर ताबा नसलेले, बहुतांशी संवर्धनाचेच हक्क. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की केंद्रीय प्रमाणपत्र असलेली खासगी कंपनी राज्याच्या मालमत्तेविरुद्धही संपादनाचा दावा लावू शकते. (कंपनीने पुढे त्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला, पण निकाल राहिलाच.) राज्याचा हक्क टिकला नाही, तिथे एखाद्या ट्रस्टचा काय टिकणार?

सह्याद्रीत खासगी रान राखणारे पक्षकार असाच संवर्धन सुविधाधिकाराचा दस्त मागतात, म्हणून हे सांगायचे. १८८२ च्या आपल्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ४ लाभधारी जमीन मागते, म्हणजे जिच्या लाभासाठी हक्क असतो अशी जमीन. शेजारी स्वतःची जमीन नसलेल्या पुण्यातल्या संस्थेच्या नावे निव्वळ संवर्धनाचा सुविधाधिकार त्यात बसत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या जवळ जाणारी आपली तरतूद वेगळ्याच ठिकाणी आहे: २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१. अनुसूचित क्षेत्रात संपादन शेवटचा उपाय म्हणूनच, तेही ग्रामसभेच्या पूर्वसंमतीने. आमच्या मते ही तरतूद अमेरिकी कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे, कारण इथे नकार देण्याची मुभा खुद्द गावाला आहे.

आणि तरीही गळती तीच. कलम १०५ आणि चौथी अनुसूची उघडा: राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, कोळसा क्षेत्रे, पेट्रोलियम वाहिन्या. यांच्या कायद्यांखालच्या संपादनाला मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू झाल्या, संमतीची अट मात्र बाहेर राहिली. तेव्हा पक्षकाराला पहिला प्रश्न रान किती जुने हा नसावा. जमिनीवरून काय जाणार आहे आणि अधिसूचना कोणत्या कायद्याखाली निघेल, हा असावा.

लाभधारी जमीन असलेल्या मोजक्या प्रकरणांत दस्त करणार असाल, तर तो नोंदणीकृतच करा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवून घ्या. २०१३ च्या कायद्याच्या कलम ३ मधील ‘हितसंबंधित व्यक्ती’च्या व्याख्येत सुविधाधिकारधारकही येतो. मोबदल्यात त्याचा वाटा किती, हे दस्तातच ठरवून ठेवा. अमेरिकेत करसवलतीसाठी तसे कलम घालावेच लागते. आपल्याकडे ते मसुदा करणाऱ्याच्या लक्षात राहण्यावर आहे.