‘हे तर आपल्याकडे आधीच आहे’ म्हणणं आता पुरे



पर्यावरणावरचं, मोबाइलवरचं किंवा मनःस्वास्थ्यावरचं एखादं पुस्तक गाजलं की आपल्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘यात नवीन काय? हे तर आपल्या धर्मात आधीच सांगितलंय.’ वाक्य खोटं नाही. पण ते म्हणून आपण पुस्तकही मिटतो आणि धर्मही. माझं भांडण आहे ते या मिटण्याशी.

आधी पर्यावरण घेऊ. रेचल कार्सन या अमेरिकन लेखिकेचं ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली आलं. डीडीटीसारखं औषध किड्यांवर फवारलं तरी तिथंच थांबत नाही, झाडाच्या पानांतून गांडुळात आणि गांडुळातून पक्ष्याच्या पोटात जातं, हे तिने कुणालाही कळेल अशा भाषेत मांडलं. रसायन कंपन्या तिच्यावर तुटून पडल्या. ती कॅन्सरने आजारी होती, १९६४ मध्ये गेली. १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या बहुतेक वापरावर बंदी आणली. आपल्या महाराष्ट्रातही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण पेपरात वाचलंच आहे.

आता आपलं सातवं व्रत बघा. त्यात पंधरा कर्मादानं आहेत, म्हणजे श्रावकाने कोणत्या धंद्यावर पोट भरू नये याची यादी. विषाचा व्यापार त्यात आहे, जंगलतोड आहे, वणवा लावणं आहे, तळी-सरोवरं आटवणं आहे. प्रतिक्रमणात ही नावं आपण म्हणतो. पण या व्रतातलं आपण घरी आणलं काय? कंदमूळ नको, तिथीला हिरवी भाजी नको, गरम पाणी, सूर्यास्ताआधी जेवण. हे सगळं योग्यच आहे, मीही पाळते. पण लक्षात येतंय का, की जेवढं स्वयंपाकघरात मावतं तेवढंच व्रत उरलं, आणि ते सांभाळायचं बायकांनी! दुकान, गोदाम, कारखाना, पैसे गुंतवलेली कंपनी, यांच्या उंबऱ्याशी ते थांबतं. वाटाण्यातली अळी हलक्या हाताने बाजूला ठेवणाऱ्या घरात, आपला पैसा कुठून येतो हे विचारणं मात्र आगाऊपणा ठरतं.

कुणी म्हणेल, घर चालतं ते त्याच पैशावर, मग विचारायचं कसं? त्याच पैशावर चालतं म्हणूनच विचारायचं. उद्या दुकानाला कुलूप लावा असं मी म्हणत नाही. पण कर्मादानाचा प्रश्न जेवणाच्या ताटाइतकाच हिशेबाच्या वहीलाही लागू आहे, एवढं घरात मोठ्याने म्हटलं गेलं पाहिजे.

दुसरा विषय मोबाइलचा. जोनाथन हाइट यांचं ‘द अँक्शस जनरेशन’ २०२४ मध्ये आलं. सोळा वर्षांच्या आधी सोशल मीडिया नको, शाळेत फोन नको, मुलांना मोकळं खेळू द्या, अशा त्यांच्या सूचना आहेत. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी इतर संशोधक सहमत नाहीत. पण त्यांचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. हे एकट्या घराला जमत नाही. वर्गातल्या सगळ्यांकडे फोन असताना एकाच मुलाला दिला नाही, तर ते मूल एकटं पडतं. चार घरांनी मिळून ठरवलं तरच निभावतं.

मग सांगा, मिळून ठरवण्याची आपल्याइतकी सवय कुणाला आहे? आपल्याकडे संघ आहे, पाठशाळा आहे, सगळ्यांसमोर पचखाण घेण्याची रीत आहे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटं तोंडात पाण्याचा थेंबही न घालणारी नवकारशी आपली पोरं हसत करतात. तेवढीच ४८ मिनिटं फोनला हात न लावण्याचं पचखाण पाठशाळेतल्या सगळ्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एकत्र घ्यायला काय हरकत आहे? विनाकारण केलेल्या पापाला आपण अनर्थदंड म्हणतो, त्याचं आठवं व्रत आहे, प्रमादाचरण त्यात येतं. रात्री साडेअकराला अनोळखी बाईच्या लग्नाचे रील बघत पडून राहणं याला दुसरं काय म्हणायचं?

तिसरा विषय मनाचा, आणि इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. डॅनियल गोलमन यांनी १९९५ च्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’मध्ये सांगितलं की भावना मनात उठते तेव्हाच ती ओळखता येणं हा भावनिक समजेचा पाया आहे. आपल्या आलोचनेत तरी वेगळं काय आहे? दोष मोघम कबूल करायचा नाही, एकेक अतिचार नाव घेऊन आठवायचा. आणि संवत्सरीला आपण करतो काय? फुलांचं चित्र, खाली ‘मिच्छा मि दुक्कडं’, आणि एका बोटाने तीनशे जणांना रवाना. ज्या जावेशी वर्षभर अबोला आहे तिलाही तेच चित्र जातं. त्यात दोष कुठला, दुखावलं कुणाला, काहीच नाही.

शिवाय क्षमा वाहते ती खालून वर. सून सासूच्या पाया पडून खमावते. सासूने सुनेला बसवून ‘अमुक दिवशी मी तुला पाहुण्यांसमोर बोलले, ते चुकलं’ असं म्हटल्याचं किती घरांत घडतं? राग गिळणाऱ्या सुनेला आपण ‘समता आहे हो तिच्यात’ म्हणतो. गिळलेला राग म्हणजे समता नव्हे. तो आत साचतो आणि मग मुलांवर निघतो.

पुस्तकं लिहिणारे आपल्या धर्माचे नाहीत, त्यांच्या ताटात काय असतं कोण जाणे, हेही ऐकून झालंय. पण अनेकांत मानणाऱ्यांनी दुसऱ्याच्या हातातला सत्याचा तुकडा ताट बघून नाकारायचा का?

तेव्हा या चातुर्मासात तीन गोष्टी करून बघा. पंधरा कर्मादानांची यादी घरातल्या पुरुषांसोबत बसून अर्थासकट वाचा. पाठशाळेत फोनच्या नवकारशीचा विषय काढा. आणि संवत्सरीला तीनशे जणांना चित्र पाठवण्याऐवजी एकाच माणसाकडे जा, शक्यतो वयाने किंवा नात्याने लहान असलेल्याकडे, आणि नेमकं काय चुकलं ते सांगून खमवा. हे केलंत, की मग ‘आमच्याकडे आधीच आहे’ असं खुशाल म्हणा.